भाताचे वाफे आणि खेळांचा बाजार

कुंभकोणम्‌हून मयिलादुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आडुतुरै हे एक लहानसे गाव आहे. तंजावर जिल्ह्याच्या या भागात कावेरी अनेक फाट्यांनी विभागून वाहते आणि दृष्टी पोहोचेल तेथवर भाताची खाचरे पसरलेली दिसतात. मराठी वाचकास तंजावरचे नाव परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची गादी होती, आणि त्या काळी तेथे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. आडुतुरैची कीर्ती मात्र राजघराण्यामुळे झालेली नाही. ती भातामुळे झाली. १९२२ साली येथे भात संशोधन केंद्र सुरू झाले. त्या केंद्राची आज तामिळनाडू भात संशोधन संस्था झाली आहे. येथे तयार झालेल्या वाणांच्या नावात ‘ए. डी. टी.’ ही गावाच्या नावाची आद्याक्षरे असतात. जपानी व भारतीय भातांच्या संकरातून निपजलेले ए. डी. टी. २७ हे वाण १९६० नंतरच्या दशकात कावेरीच्या खोऱ्यात लावले गेले. पुढे ए. डी. टी. ३६, ए. डी. टी. ४३ अशी अनेक वाणे आली.

नवे वाण जुन्यापेक्षा सरस आहे, हे कसे ठरवावयाचे? या प्रश्नाच्या उत्तरातून शास्त्राची एक पद्धत जन्मास आली. ती पद्धत आज अशा ठिकाणी वापरली जात आहे, की ज्याची कल्पना तिच्या जनकांनी केली नसेल. आडुतुरैच्या बसथांब्यावर किंवा पुण्याच्या एखाद्या कट्ट्यावर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नजर खिळवून खेळणाऱ्या मुलाचा आणि भाताच्या वाफ्याचा संबंध या पद्धतीनेच जोडला आहे.

वाफ्याची परीक्षा

एका वाफ्यात जुने भात लावले, शेजारच्या वाफ्यात नवे लावले, आणि नव्याचे पीक अधिक आले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. नव्या भाताचा वाफा पाटाच्या जवळ असेल; त्याची माती अधिक कसदार असेल. इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने १९१९ नंतरच्या काळात या अडचणीवर उपाय शोधला. शेताचे अनेक लहान वाफे पाडावयाचे, कोणत्या वाफ्यात कोणते वाण लावावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ यदृच्छेने ठरवावयाचे, आणि प्रत्येक वाण पुष्कळ वाफ्यांत पुनःपुन्हा लावून सरासरी काढावयाची. असे केले म्हणजे मातीचा पक्षपात दोन्ही बाजूंस सारखाच वाटला जातो. उरलेला फरक वाणाचा की योगायोगाचा, हेही गणिताने सांगता येते.

भारतात ही पद्धत रुजविण्याच्या कामी दोन महाराष्ट्रीय संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी कृषिसंशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला, आणि कृषिविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. या पद्धतीमागील हेतू स्पष्ट होता. वाफ्यावर प्रयोग करावयाचा, निष्कर्ष उघडपणे जाहीर करावयाचा, आणि त्याचा लाभ शेतकऱ्याच्या कणगीत पडावयाचा.

फुकट खेळाचा खर्च कोण सोसतो?

क्रिकेटची फळी विकत घेतली, की तिच्या कारागिराचा आणि खेळणाऱ्याचा व्यवहार तेथेच संपतो. संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळाचे तसे नसते. एकदा तयार झालेल्या खेळाची आणखी एक प्रत काढावयास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. परंतु तो चालू ठेवण्यास रोज खर्च येतो. आडुतुरैचा एक खेळाडू आणि नागपूरचा दुसरा एकाच पटावर आले, तर दोघांच्या चाली क्षणार्धात एका मध्यवर्ती संगणकाकडे जाव्या लागतात. त्यांचा मेळ घालून निकाल दोघांकडे परत पाठवावा लागतो. असे संगणक अहोरात्र चालवावे लागतात, लबाडी करणारे हुडकावे लागतात आणि खेळात सतत नवी भर घालावी लागते.

हा खर्च कसा वसूल करावा, याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. अनेकांनी एकत्र खेळावयाचा, केवळ अक्षरांनी रंगविलेला एक आद्य संगणकीय खेळ १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचला. पुढे अमेरिकेत दूरध्वनीच्या तारेवरून खेळल्या जाणाऱ्या खेळांना तासाच्या हिशेबाने आकार पडू लागला. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ने आणि २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने मासिक वर्गणीची पद्धत लोकप्रिय केली. २०१० साली या दुसऱ्या खेळाचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले होते. तासाचा दर काय किंवा मासिक वर्गणी काय, खेळणाऱ्यास आपण किती देतो हे त्यात आधीच ठाऊक असे.

त्याच सुमारास दक्षिण कोरियात निराळा विचार पुढे आला. प्रवेश सर्वांस मोकळा ठेवावा आणि आतल्या वस्तू विकाव्यात, असा तो विचार होता. नेक्सॉन कंपनीचा २००३ मधील ‘मेपलस्टोरी’ हा खेळ या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. २००९ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीने फुकट खेळांमध्येही आतील खरेदीस परवानगी दिली आणि ही पद्धत खिशातील यंत्रावर आली. २०१६ साली भारतात स्वस्त आंतरजालसेवा आणि यूपीआय ही पैसे देण्याची सोपी व्यवस्था जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. खेळ आणि पैशाची पिशवी ही दोन्ही त्यानंतर एकाच पडद्यावर आली.

नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा ‘लुडो किंग’ हा खेळ त्याच वर्षीचा. त्याचा मूळ पुरुष म्हणजे आपल्याकडील पचिसी, सोंगट्यांचा पट. त्याचे सुटसुटीत रूप इंग्लंडात १८९६ मध्ये ‘लुडो’ या नावाने नोंदले गेले आणि तेथून ते पुन्हा भारतात आले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरच्या गावी अडकलेली कुटुंबे या पटाभोवती जमली. हा खेळ फुकट आहे. कंपनीस उत्पन्न मिळते ते जाहिरातींपासून आणि खेळातील नाणी, सोंगट्यांची व पटाची नवी रूपे यांच्या विक्रीपासून. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला ‘इंडस’ हा युद्धखेळही विनामूल्य आहे. अशा खेळांत पोशाख, मुखवटे, शस्त्रांचे रंग या शोभेच्या वस्तू विकल्या जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा खेळांतील बहुसंख्य खेळाडू कधीच पैसे देत नाहीत. उत्पन्नाचा मोठा भाग थोड्याच लोकांकडून येतो. पुष्कळ खर्च करणाऱ्या या गिऱ्हाइकास धंद्यातील लोक ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, असे म्हणतात. मग न देणारे कंपनीस हवेत कशाला? कारण ते नसतील तर खेळच ओस पडेल. प्रतिस्पर्धी कोठून आणावयाचा, आणि नवा पोशाख घालून मिरवावयाचे ते कोणापुढे? जत्रेत गर्दी असते म्हणूनच दुकाने चालतात. फुकट खेळणारा हा त्या जत्रेची गर्दी होय.

दोन नाणी

या बाजाराचे पहिले वैशिष्ट्य असे, की त्यात रुपया लवकरच दृष्टीआड होतो. रुपये देऊन आधी खेळातील रत्ने किंवा नाणी घ्यावयाची, आणि त्यांनी वस्तू घ्यावयाच्या. हा जादा टप्पा निष्कारण ठेवलेला नसतो.

उदाहरणादाखल एक काल्पनिक दुकान घेऊ. तेथे १०० रत्नांची थैली ८० रुपयांस आणि ३०० रत्नांची थैली २२० रुपयांस मिळते. हव्या असलेल्या पोशाखाची किंमत ३२० रत्ने आहे. तीनशेच्या थैलीत तो बसत नाही. म्हणून दोन्ही थैल्या घ्याव्या लागतात. ३०० रुपये जातात आणि ४०० रत्ने मिळतात. पोशाख घेतल्यावर ८० रत्ने उरतात. सरासरी दराने त्यांची किंमत ६० रुपये होते. पण ती परत करता येत नाहीत, आणि त्यांत घेण्याजोगे फारसे काही ठेवलेले नसते. उरलेली रत्ने वाया जाऊ नयेत म्हणून गिऱ्हाईक पुढच्या वेळी पुन्हा थैली घेते. किराणा दुकानदाराने सुट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवाव्यात, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की येथे गोळ्यांचा आकारही दुकानदारच ठरवितो.

दुसरा परिणाम मनाचा आहे. ‘३२० रत्ने’ या शब्दांतून २५० रुपये की ३०० रुपये, हे चटकन उमगत नाही. रोख रक्कम हातातून जाताना जो सल वाटतो तो रत्ने जाताना वाटत नाही. या सौद्यातील सारी रक्कम खेळ रचणाऱ्याकडेच जाते असेही नाही. यंत्रावरील दुकान चालविणाऱ्या ॲपल आणि गूगल यांसारख्या कंपन्या अशा विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत दलाली घेत आल्या आहेत.

पेटीतील नशीब

याहून गहन प्रकार म्हणजे बंद पेटी. वस्तू थेट न विकता एक पेटी विकावयाची. तिच्यात काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही. पुष्कळदा क्षुल्लक वस्तू निघते, क्वचित दुर्मिळ.

समजा, पेटीची किंमत ५० रुपये आहे आणि दुर्मिळ वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. अनेकांस असे वाटते, की १०० पेट्या घेतल्या म्हणजे वस्तू मिळणारच. हा समज चुकीचा आहे. एका पेटीत ती न निघण्याची शक्यता ०.९९. शंभरही पेट्यांत न निघण्याची शक्यता काढण्यास ०.९९ ला स्वतःने शंभर वेळा गुणावे लागते, आणि उत्तर सुमारे ०.३७ येते. म्हणजे ५,००० रुपये खर्च करणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे ३७ मुले रिकाम्या हातांनी परततील. त्या ३७ जणांनी आणखी शंभर पेट्या घेतल्या, तरी त्यांतील १३-१४ जणांना १०,००० रुपये देऊनही वस्तू मिळणार नाही. मागील अपयशाची पेटीला आठवण नसते. प्रत्येक पेटी पहिलीच असते. काही खेळांत ठराविक पेट्यांनंतर वस्तू देण्याचे आश्वासन असते. तेथे हा हिशेब बदलतो. परंतु मग ‘आता थोड्याच उरल्या’ ही भावना गिऱ्हाइकास शेवटपर्यंत ओढून नेते.

दुसरे गणित संचाचे. समजा, दहा चित्रांचा संच पुरा केला तर बक्षीस आहे, आणि प्रत्येक पेटीत दहांपैकी कोणतेही एक चित्र सारख्याच शक्यतेने निघते. पहिले चित्र पहिल्याच पेटीत मिळते. अर्धा संच झाला, की हवे असलेले चित्र निघण्यास सरासरी दोन पेट्या लागतात. शेवटच्या एका चित्रासाठी एकट्याच दहा पेट्या लागतात. सर्वांची बेरीज केली तर सरासरी सुमारे २९ पेट्या होतात. म्हणजे एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा केवळ शेवटच्या चित्रावर होतो, आणि तोही अशा वेळी, की नऊ चित्रे हाती असल्यामुळे मागे फिरवत नाही. जपानमध्ये अशा संचांच्या सोडती फार वाढल्या, तेव्हा २०१२ साली तेथील ग्राहक खात्याने त्या बेकायदेशीर ठरविल्या.

पेटीचे आकर्षण केवळ वस्तूत नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रदीर्घ प्रयोगांचे वर्णन आहे. ठराविक टोचींनंतर दाणा मिळत असेल तर पक्षी दाणा मिळाल्यावर थोडा थांबतो. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर तो न थांबता टोचत राहतो. जुगाराच्या यंत्राचे तत्त्व हेच आहे, आणि बंद पेटीचेही हेच.

शक्यतेचे आकडे कंपनीच्या हाती असतात, यात आणखी एक धोका आहे. दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन कंपनीस सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड केला. ‘मेपलस्टोरी’तील एका विक्रीच्या वस्तूतून इष्ट गुण निघण्याच्या शक्यता खेळाडूंस न कळविता बदलल्या, असा ठपका त्यात होता. पुढे मार्च २०२४ पासून त्या देशात शक्यतांचे आकडे जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. चीनने तसे बंधन २०१७ मध्येच घातले होते, तर बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे देऊन घ्यावयाच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या गेल्या.

वेळ, मित्र आणि हंगाम

पैसे काढण्याचे सर्व मार्ग नशिबावर अवलंबून नसतात. काही वेळेवर बेतलेले असतात. इमारत पुरी होण्यास आठ तास लागतील, किंवा काही रत्ने दिल्यास ती आताच होईल, असे सांगितले जाते. अडथळा खेळानेच उभा केलेला असतो आणि तो दूर करण्याची किंमतही खेळच मागतो. काहींत ‘हंगामी परवाना’ असतो. दोन-तीन महिन्यांच्या हंगामासाठी एकदा पैसे दिले, की रोजची कामे पुरी केल्यावर एकेक वस्तू मिळत जाते. यात किंमत आधी कळते, ही गोष्ट चांगली. परंतु पैसे देऊन झाल्यावर वस्तू मिळविण्यासाठी रोज खेळणे भाग पडते, आणि जो रोज येतो त्यास दुकानही रोज दिसते.

तिसरा मार्ग सोबत्यांचा. गटाने खेळावयाच्या खेळात एकाने दांडी मारली तर इतरांचे नुकसान होते. ज्याच्याकडे नवा पोशाख नाही त्यास वर्गातील मुले हिणवतात. वस्तू निरुपयोगी असली तरी तिच्यामुळे मिळणारा मान खरा असतो. सणावारी नवे कपडे नसलेल्या मुलास जे वाटते, ते या मुलास वाटते. म्हणून ‘केवळ चित्रासाठी पैसे कशाला’ असे मोठ्यांनी म्हटल्याने त्याचे समाधान होत नाही.

काही वेळा विक्रीची रचनाच दिशाभूल करणारी असते. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या एपिक कंपनीशी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरांची तडजोड केली. तिच्यातील २४.५ कोटी डॉलर गिऱ्हाइकांस परत देण्यासाठी होते. कळांची मांडणी गोंधळात टाकणारी असल्याने नकळत खरेदी होई, आणि पालकांच्या संमतीवाचून मुलांच्या हातून पैसे जात, असे आरोप आयोगाने केले होते. भारतातही हा प्रश्न ओळखला गेला आहे. जुलै २०२१ मध्ये आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळात अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास खेळण्याची आणि ७,००० रुपये खर्चण्याची मर्यादा ठेवलेली होती. ही दुसरी मर्यादा कोणत्या घरास पेलण्यासारखी आहे, याचा विचार प्रत्येक पालकाने करण्याजोगा आहे.

खेळाडूंवरील प्रयोग

आता आडुतुरैच्या वाफ्यांकडे पुन्हा वळता येईल. थैली ७९ रुपयांस ठेवावी की ९९ रुपयांस? पेटीचे झाकण एकदम उघडावे की क्षणभर थरथरून? कोणत्या पातळीवर हरलेल्या खेळाडूस सवलत दाखवावी? ही उत्तरे आज अंदाजाने काढली जात नाहीत. लाखो खेळाडूंची यदृच्छेने दोन गटांत वाटणी केली जाते. एका गटास एक किंमत दिसते, दुसऱ्यास दुसरी. काही दिवसांनी दोन्ही गटांची सरासरी कमाई ताडून पाहिली जाते, आणि अधिक पीक देणारी रचना सर्वांस लागू होते. धंद्यात यास ‘ए-बी चाचणी’ म्हणतात. गणित फिशर यांचेच, आणि पानसे-सुखात्मे यांच्या पुस्तकातून कृषिविद्यार्थी शिकत आले तेच.

भाताच्या प्रयोगात एका हंगामाला चार महिने लागतात आणि वाफे थोडे असतात. खेळात वाफे लाखो, हंगाम तासाभराचा, आणि प्रत्येक स्पर्शाची नोंद आपोआप होते. खेळाडू कोणत्या क्षणी कंटाळला, किती वाजता खेळावयास बसला, किती वेळा हरल्यावर त्याने थैली घेतली, हे सारे लिहिले जाते. त्यामुळे कित्येक वर्षांत गाठावयाचे ज्ञान काही आठवड्यांत हाती येते.

पद्धतीत दोष नाही. याच चाचणीने खेळातील अवघड पायरी सोपी करता येते, आणि मुलांस अधिक चांगला आनंद देता येतो. दोष असेल तर तो मोजमापात आहे. पीक म्हणून जे मोजावे तेच वाढते. आडुतुरैत भाताचे पोते मोजले जाते, आणि ते शेतकऱ्याच्या घरी जाते. खेळाच्या दुकानात प्रतिखेळाडू मिळालेले रुपये मोजले जातात. तेथे खेळणारा हा शेतकरी नव्हे. तो वाफा आहे. वाफ्यास कोणी संमती विचारीत नाही, आणि प्रयोगाचा निष्कर्षही त्यास कळविला जात नाही.

पैशांचा डाव

वरील सर्व प्रकारांत पैसा एकाच दिशेने वाहतो. खेळाडूस वस्तू मिळते, रोकड मिळत नाही. रोख पैसे लावून रोख जिंकावयाच्या खेळांची कमाई वेगळ्या रीतीने होते. पत्त्यांचा रमी हा त्यांतील सर्वपरिचित खेळ. येथे कंपनी स्वतः कोणाविरुद्ध खेळत नाही. ती प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते.

समजा, सारख्याच कौशल्याचे दोन गडी प्रत्येकी १०० रुपये लावतात. २०० रुपयांतून कंपनी २० रुपये ठेवते आणि जिंकणाऱ्यास १८० देते. दोघांनी प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बैठक सुरू केली, तर पन्नास डावांनंतर दोघांच्या मिळून २,००० रुपयांपैकी १,००० रुपयेच उरतात. कोण जिंकले आणि कोण हरले हा प्रश्न गौण आहे. अर्धे भांडवल बैठक भरविणाऱ्याकडे गेलेले असते. ज्यास नुसते बरोबरीत राहावयाचे आहे त्यासही शंभरांपैकी सुमारे ५६ डाव जिंकावे लागतात, कारण जिंकल्यास ८० मिळतात आणि हरल्यास १०० जातात. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांत दीर्घ वाद झाले. परंतु खेळ पूर्णपणे कौशल्याचा मानला, तरी कापला जाणारा वाटा तसाच राहतो. सर्व खेळाडूंचा एकत्र हिशेब केला तर तो नेहमी तोट्याचाच निघतो.

पूर्वी अशा बैठकीस जागा लागे, गडी जमावे लागत, आणि रात्र सरली की उठावे लागे. भ्रमणध्वनीवर गडी कधीच संपत नाहीत, आणि उठा म्हणणारे कोणी नसते. गमावलेली रक्कम परत मिळविण्यासाठी माणूस मोठी रक्कम लावतो. कापणीनंतर हाती आलेला पैसा किंवा महिन्याचा पगार एका रात्रीत जाऊ शकतो, आणि शेजारच्या खोलीत निजलेल्या घरच्या मंडळींस सकाळपर्यंत त्याचा पत्ता नसतो.

कायद्याची वाट

तामिळनाडूत हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. पैसे गमावून कर्जात बुडालेल्या तरुणांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी लोकमत हलले. राज्याने २०२१ साली केलेली बंदी मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द ठरविली. त्यानंतर २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमण्यात आली. विधानसभेने ऑक्टोबर २०२२ मध्ये नवे विधेयक संमत केले. राज्यपालांनी ते परत पाठविले. सभागृहाने मार्च २०२३ मध्ये ते पुन्हा संमत केले, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्यास संमती मिळाली. नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयात उच्च न्यायालयाने हा कायदा करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. मात्र रमी आणि पोकर यांस नशिबाचे खेळ ठरविणारा भाग उचलून धरला नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या प्राधिकरणाने नियम केले. त्यांनुसार पैशांच्या खेळांत अठरा वर्षांखालील मुलांस मज्जाव झाला, खेळाडूची ओळख पटविणे आवश्यक झाले, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाच वाजेपर्यंत खेळ बंद ठेवावयाचे ठरले. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरविले. रात्रीच्या त्या पाच तासांमागील विचार साधा आहे. पूर्वी बैठक ज्या कारणाने मोडे, ते कारण कायद्याने परत आणले.

पाठोपाठ संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली. त्यात ई-क्रीडा आणि सामाजिक खेळ यांस उत्तेजन आहे. परंतु पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालविण्यास बंदी आहे. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत मिळून सुमारे २०,००० कोटी रुपये गमावीत, असा अंदाज शासनाने त्या वेळी सांगितला. कायदा होताच मुंबईच्या ‘ड्रीम ११’सह अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबविल्या.

या कायद्याचा मुख्य रोख रोख पैशांच्या डावावर आहे. रत्नांच्या थैल्या, हंगामी परवाने आणि नटव्या पोशाखांचा बाजार हा निराळा प्रांत आहे, आणि शाळकरी मुलांचा वावर याच प्रांतात अधिक असतो. तेथे मुलाच्या पाठीशी उभे राहते ते मुख्यतः त्याचे स्वतःचे आणि घरच्यांचे ज्ञान.

हिशेबाची वही

हे ज्ञान फार अवघड नाही. रत्नांची किंमत दिसली, की तिचे रुपये करून पाहावेत. थैली घेण्यापूर्वी उरणारी रत्ने मोजावीत. पेटीच्या शक्यतेचा आकडा जाहीर असेल तर तो वाचावा, आणि तेवढ्या पेट्या घेऊनही तिघांतील एकाहून अधिकांस ती वस्तू मिळत नाही, हे ध्यानी ठेवावे. महिनाभरात गेलेली रक्कम एका वहीत लिहावी. यंत्रातील खरेदीस वडीलधाऱ्यांच्या संमतीची अट घालण्याची सोय असते; ती पालकांनी वापरावी. आणि घरात या विषयावर रागावून बोलण्याऐवजी हिशेब मांडून बोलावे, कारण लपविलेले नुकसान उघड नुकसानापेक्षा नेहमीच मोठे होते.

खेळ रचणाऱ्यांस त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. पुण्यात आणि नवी मुंबईत बसून चित्रकार, संगीतकार व गणिती जे घडवितात ते फुकट घडत नाही, आणि आवडलेल्या खेळासाठी जाणूनबुजून दिलेले शंभर रुपये नाटकाच्या तिकिटाहून वाईट नाहीत. खोट आहे ती न कळत जाणाऱ्या पैशात.

आडुतुरैपासून जवळच असलेल्या कुंभकोणम्‌च्या शाळेत श्रीनिवास रामानुजन् हा मुलगा आकड्यांत रमत असे. त्याच्या असामान्य गणिताची येथे गरज नाही. ०.९९ ला ०.९९ ने पुनःपुन्हा गुणण्याएवढे अंकगणित कोणत्याही माध्यमिक शाळेत शिकविले जाते. कावेरीकाठच्या शेतकऱ्यास आपल्या वाफ्यात काय पेरले आणि किती आले हे नेमके ठाऊक असते. पडद्यापुढे बसलेल्या मुलासही तेवढे ठाऊक झाले, तर तो वाफा राहणार नाही.